मोटरहोममध्ये ॲडब्लू भरताना: सोळा महिने आणि चौदा हजार किलोमीटरनंतर

गाडी घेतली तेव्हा विकणाऱ्याने गॅसची बाटली, शौचालयाची टाकी, मागचा जिना, सगळं अर्धा तास समजावून सांगितलं. डिझेलच्या झाकणाशेजारच्या ॲडब्लूच्या निळ्या झाकणाबद्दल मात्र एकच वाक्य: "हे अधूनमधून भरत जा." आम्ही जर्मनीत न्यूर्नबर्गला राहतो. साडेतीन टनांची, २०२१ ची, युरो ६ डी या प्रदूषण मानकाची ही मोटरहोम, म्हणजे राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी, आम्ही गेल्या वर्षी मार्चमध्ये घेतली. त्या एका वाक्यातलं 'अधूनमधून' म्हणजे केव्हा, किती आणि कसं, हे कळायला मला पाच वेळा भरावं लागलं. नव्याने मोटरहोम घेणाऱ्या किंवा भाड्याने घेऊन युरोप फिरायला येणाऱ्या आपल्या लोकांना ते आधीच माहीत असावं, म्हणून लिहिते आहे.

ॲडब्लू म्हणजे ३२.५ टक्के युरिया आणि बाकी क्षारविरहित पाणी. भारतात यालाच डीईएफ (डिझेल एक्झॉस्ट फ्लुइड) म्हणतात, आणि ट्रकवाले सरळ 'युरिया'. हे डिझेलमध्ये मिसळत नाही. त्याची टाकी वेगळी असते आणि ते धुराच्या नळीत फवारलं जातं. तिथल्या उष्णतेने युरियाचा अमोनिया होतो, आणि पुढच्या उत्प्रेरकात तो धुरातल्या विषारी नायट्रोजन ऑक्साइडचं रूपांतर साध्या नायट्रोजन आणि पाण्याच्या वाफेत करतो. मुलांना घेऊन मी ज्या दऱ्याखोऱ्यांतून जाते, तिथल्या हवेसाठी एवढी तसदी घ्यावी असं मला मनापासून वाटतं. तक्रार आहे ती भरण्याच्या सोयीबद्दल.

पहिला इशारा आला तो क्रोएशियाला जाताना, ऑस्ट्रियातून स्लोव्हेनियात नेणारा कारावांकन बोगदा पार केल्यावर. पडद्यावर पिवळी खूण आणि '२४०० किलोमीटरनंतर इंजिन सुरू होणार नाही'. मागे दोन मुलं, शेजारी झोपलेला नवरा, आणि माझ्या पोटात गोळा. महामार्गावरच्या पुढच्याच पंपावर थांबले आणि दहा लिटरचा कॅन उचलला. पंचवीस युरो. आमच्या गावच्या पंपावर तेच ऐंशी सेंट लिटरने मिळतं.

ही घाई पूर्णपणे अनाठायी होती. युरोपीय नियमानुसार टाकी रिकामी होण्याच्या किमान २४०० किलोमीटर आधी गाडीने सांगायलाच हवं. आम्ही क्रोएशियातल्या रोविन्यला जाऊन घरी परतलो असतो तरी निम्म्याच्या आसपास अंतर शिल्लक राहिलं असतं. आकडा शून्यावर आला तरी गाडी चालता चालता बंद पडत नाही. मात्र एकदा बंद केली की पुन्हा सुरू होत नाही. म्हणून शून्यापर्यंत ताणू नका, पण २४०० दिसल्याबरोबर महामार्गावरचा महागडा कॅनही घेऊ नका.

तो कॅन रिकामा करणं हा आणखी वेगळा प्रकार. दहा लिटर ॲडब्लूचं वजन जवळजवळ अकरा किलो. आमच्या गाडीत ॲडब्लू भरायचं तोंड माझ्या कमरेच्या वर आहे, म्हणजे एवढं ओझं त्या उंचीवर तिरकं धरून उभं राहायचं. कॅनसोबतची पन्हाळी वळणाची होती, आत हवा अडकली, आणि गुडगुड करत लिटरभर तरी दारावर, पायरीवर आणि माझ्या सलवारीवर आलं. तेव्हा ते पाण्यासारखं दिसतं म्हणून नुसतं पुसलं. संध्याकाळपर्यंत सगळीकडे मिठासारखे पांढरे खडे. ते साध्या पाण्याने विरघळतात, त्यामुळे सांडल्या सांडल्या भरपूर पाणी ओतायचं, कापडाने पुसत बसायचं नाही. रंगावर किंवा उघड्या धातूवर राहू देऊ नका, त्याने गंज चढतो.

दुसऱ्यांदा म्हटलं ट्रकच्या पंपावर जाऊ. आमची गाडी जवळपास तीन मीटर उंच, त्यामुळे ट्रकची रांग सोयीची. नळी तोंडात घातली, दांडा दाबला, थेंब नाही. पंप बिघडलाय असं वाटून निघणार होते, तेवढ्यात मागच्या ट्रकचा पोलिश चालक उतरला आणि खिशातून एक निळं कडं काढून त्याने आमच्या टाकीच्या तोंडावर बसवलं. आत चुंबक होतं. त्याने खुणांनी आणि मोडक्या जर्मनमध्ये जे सांगितलं ते मी नंतर पडताळून पाहिलं. ॲडब्लूची नळी १९ मिलिमीटरची असते. ती डिझेलच्या रुंद तोंडात सहज जाते, म्हणून चुकून तिथे ओतलं जाऊ नये यासाठी नळीत चुंबकाची कळ असते. तोंडाशी चुंबक सापडलं तरच ती सोडते. ट्रकच्या टाकीला ते असतं, आमच्या तोंडाला नव्हतं. उलट दिशेने काळजी कमी, कारण डिझेलची नळी ॲडब्लूच्या अरुंद तोंडात शिरतच नाही.

कडं लावल्यावर धार सुटली, पण ती ट्रकच्या मोठ्या टाकीसाठीची. दोन सेकंदात फेस, खट्‌कन बंद. पुन्हा दाबा, पुन्हा खट्‌. सहा लिटरसाठी दहा मिनिटं लागली. त्या चालकाचे मी किती आभार मानले तरी कमीच.

आता मी फक्त गाड्यांसाठीच्या सावकाश पंपावर भरते, जिथे ॲडब्लूची नळी डिझेलच्या शेजारीच असते. जर्मनीत असे पंप बऱ्याच ठिकाणी आहेत. नळी आपोआप थांबली की तिथेच सोडायचं, आणखी दोन घोट बसतील म्हणून दाबत राहायचं नाही. ॲडब्लू उणे अकरा अंशांवर गोठतं आणि गोठताना फुगतं, त्याला जागा लागते. माझं मत विचाराल तर सावकाश पंपाला पैकीच्या पैकी गुण, कॅनला अगदीच नाइलाज असेल तरच हात लावा, आणि ट्रकचा पंप सोडून द्या.

खपाचं म्हणाल तर आमची गाडी दर हजार किलोमीटरला दीड लिटरच्या आसपास घेते. घाटात आणि पूर्ण सामान भरलेलं असताना जास्त. टाकी १९ लिटरची, म्हणून मी आठ हजार किलोमीटरवर भरते. एकदा दोनच लिटर घातलं तर पडद्यावरचा आकडा हललाच नाही. पुस्तिकेत पाहिलं तेव्हा कळलं की निदान पाच लिटर एकदम घालावं, गाडी सपाट जागी असावी, आणि किल्ली फिरवून थोडं थांबावं. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेतलं तेवढं एक पान जरूर वाचा.

आता मोटरहोमवाल्यांनाच लागू असलेली गोष्ट, आणि सगळ्यात गंभीर. आमच्या गाडीच्या एकाच बाजूला तीन तोंडं आहेत: डिझेल, ॲडब्लू आणि पिण्याचं पाणी. त्यातल्या दोघांची झाकणं निळी. गेल्या ऑगस्टमध्ये आई साताऱ्याहून आली होती. कॅम्पिंगच्या जागी ती हौसेने पाण्याची नळी घेऊन निघाली आणि ॲडब्लूचं झाकण फिरवायला लागली. मी वेळेत पोचले म्हणून निभावलं. नळाच्या पाण्यातले क्षार फवाऱ्यात आणि उत्प्रेरकात बसतात आणि खर्च हजारांत जातो. असं कधी झालंच तर किल्लीसुद्धा फिरवू नका, आतला पंप चालू होऊ देऊ नका. गाडी ओढून न्या आणि टाकी रिकामी करून घ्या. त्याच संध्याकाळी आईने स्वतः मोठ्या अक्षरांत दोन चिठ्ठ्या लिहिल्या, 'पिण्याचं पाणी' आणि 'युरिया, हात लावू नये'. वर पारदर्शक पट्टी लावलेल्या त्या चिठ्ठ्या अजून तिथेच आहेत.

थंडीची मला फार धास्ती होती, ती गेली. जानेवारीत ऑस्ट्रियातल्या तिरोलमध्ये रात्री उणे सोळा होतं. सकाळी गाडी नेहमीसारखी सुरू झाली. टाकीत तापक असतो, आणि द्रव वितळेपर्यंत गाडी चालूच राहते. मागच्या कप्प्यातला सुटा कॅन दगड झाला होता, पण वितळल्यावर चांगलाच होता. ॲडब्लूचा खरा शत्रू म्हणजे ऊन. पंचवीस अंशांपर्यंत ठेवलं तर ते दीड वर्ष टिकतं, पस्तीसला जेमतेम सहा महिने. मोटरहोम वर्षातले कित्येक महिने उभी असते, आणि उन्हाळ्यात नेमकी दक्षिणेकडे. क्रोएशियातल्या इस्त्रियाच्या उन्हात बंद कप्प्यात राहिलेल्या कॅनचं झाकण उघडलं तेव्हा अमोनियाचा भपकारा डोळ्यांत गेला. तो कॅन मी वापरला नाही. आता सुटा साठा ठेवतच नाही. गाडीच्या साडेतीन टन वजनाच्या मर्यादेत तेवढे अकरा किलो मुलांच्या सायकलींना मिळतात.

सांगलीचा माझा दादा ऊस करतो. ॲडब्लूचा भाव ऐकून तो म्हणाला, "अगं, आपल्या शेतातला युरिया पाण्यात कालवून घाल की!" असा विचार भारतातही कुणाच्या मनात येत असेल, कारण १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषण मानक लागू झाल्यावर तिकडेही कितीतरी डिझेल गाड्यांना डीईएफ लागतं. दादाला सांगितलं तेच इथे सांगते: अजिबात नको. २०१५ पासून आपल्याकडच्या शेतीच्या युरियावर कडुलिंबाच्या तेलाचा लेप असतो. शिवाय खतात बाययुरेट ही अशुद्धता दीड टक्क्यापर्यंत चालते, ॲडब्लूच्या आयएसओ २२२४१ मानकात ०.३ टक्क्यांच्या वर नाही. आणि तो युरिया सरकारी अनुदानातला, शेतकऱ्याच्या वाट्याचा आहे. दादा थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "मग राहू दे, पिकालाच पुरत नाही तो."

पुढच्या आठवड्यात आम्ही नॉर्वेला निघतोय. परवा गावच्या पंपावर साडेनऊ लिटर भरलं, एक थेंब न सांडता.