टेलिफोनिक इंटरव्ह्यूनंतर गेलेले ९,३५० रुपये

मी मेकॅनिकलचा डिप्लोमावाला, नाशिकच्या सिडकोत राहतो. अंबडला क्वालिटीत कॉन्ट्रॅक्टवर होतो, ते संपलं. नोकरीच्या साइटवर बायोडेटा टाकला आणि चौथ्याच दिवशी फोन आला. अंबडच्या एका नावाजलेल्या कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टरची जागा आहे, उद्या अकराला टेलिफोनिक इंटरव्ह्यू.

तयारी मनापासून केली. रात्री ताई आतल्या खोलीतून फोन लावून प्रश्न विचारत होती. "चेहरा दिसणार नाही, आवाज पडू देऊ नकोस," असं सारखं बजावत होती. बायोडेट्याची प्रिंट समोर ठेवली, कॉल वेटिंग बंद केलं. कुकरची शिट्टी मध्येच नको म्हणून आईने वरणभात सकाळी सातलाच उरकला.

इंटरव्ह्यू पंचवीस मिनिटं चालला. व्हर्नियरचा लीस्ट काउंट (म्हणजे कमीत कमी किती माप मोजता येतं), गो-नो गो गेज कुठे वापरता, कस्टमरकडून रिजेक्शन आलं तर आधी काय कराल. लीस्ट काउंट मी घाईत ०.०१ सांगितला. "ते मायक्रोमीटरचं झालं, व्हर्नियरचा ०.०२ मिलिमीटर," त्यांनी शांतपणे सुधारलं. मी तिथेच फसलो. हे प्रश्न नेटवर कुणालाही सापडतात, पण चूक दुरुस्त करणारा माणूस खोटा असेल असं मनातही आलं नाही.

तासाभरात ऑफर लेटर आलं. पगार २६ हजार. कागदपत्रं तपासायचे १,८५०, पहिल्या पगारात परत. पैसे पाठवताना स्क्रीनवर कंपनीऐवजी एका बाईंचं नाव आलं. विचारलं, तर "अकाउंट्सच्या मॅडम आहेत, ऑडिट चालू आहे." दुसऱ्या दिवशी लॅपटॉपचं डिपॉझिट ७,५००. पाचच्या आत भरा, नाहीतर जागा वेटिंगवाल्याला. आईने भिशीचे पैसे काढून दिले. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

तिसऱ्या दिवशी विम्याचे बारा हजार मागितले, तेव्हा ताईने लेटर हातात घेतलं. पत्ता अंबड एमआयडीसीचा, पिनकोड ४२२००७. तो सातपूरचा, अंबडचा ४२२०१०. मेल आयडीही कुणीही फुकट काढू शकेल असा. ती कंपनी आमच्या घरापासून दहा मिनिटांवर आहे आणि मी एकदाही तिकडे गेलो नव्हतो. मग गेलो. गेटवरच्या वॉचमनकाकांनी लेटर पाहिलं आणि म्हणाले, "या आठवड्यातले तुम्ही तिसरे."

तिथूनच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावला. त्यांनी तारीख, रक्कम आणि प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी यूपीआय रेफरन्स नंबर विचारला. तक्रार नोंदली गेली, पण तोवर पैसे पुढच्या खात्यांत गेले होते. पहिल्याच दिवशी शंका आली असती तर काही रक्कम गोठवता आली असती.

अंबड, सातपूर, सिन्नरकडे नोकरी शोधणाऱ्यांनो, फोनवर इंटरव्ह्यू कितीही छान होऊ द्या, फोन ठेवल्यावर कंपनीच्या वेबसाइटवरचा नंबर स्वतः शोधून लावा, किंवा सरळ गेटवर जा. नोकरी देणारा पैसे मागत नाही. आणि कुणी आधीच पैसे पाठवले असतील, तर बाकी सगळं बाजूला ठेवा, आधी १९३० लावा. लाज वाटतेय म्हणून उद्यावर ढकलू नका.