खडीतलं गवत: हाताने, मशीनने की गरम पाण्याने?

कळंबोलीच्या बाजूला एका गोदामाची रेल्वे साइडिंग (माल उतरवायला गाड्या लावायचा रुळांचा फाटा) आहे. तिची देखभाल गेली सात वर्षं माझ्याकडे आहे. दोन लाइनी, मिळून जेमतेम नऊशे मीटर. माल उतरवायच्या भागात डोक्यावर विजेची तार नाही, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं बरंचसं त्यावर अवलंबून आहे.

रुळांमधल्या खडीत उगवणाऱ्या गवतावर औषध मारणं बंद केलं त्याचं कागदावरचं कारण सोपं आहे. २०२२ मध्ये केंद्र सरकारने ग्लायफोसेट या तणनाशकावर बंधन आणलं. आता ते पेस्ट कंट्रोलवाल्यांच्याच हातून मारून घ्यायचं. खरं कारण मात्र टाकळा. मृगाचा पाऊस पडून दहा-बारा दिवस झाले होते. शेजारच्या वस्तीतल्या दोन बायका कुंपणालगत कोवळा टाकळा खुडत होत्या आणि आम्ही आदल्या दिवशीच तिथे फवारणी केली होती. सांगितल्यावर त्यांनी पदरातली सगळी भाजी तिथेच झटकली. एक म्हणाली, "मग पाटी तरी लावायची ना, दादा." पाटी नव्हती.

तेव्हापासून बिनऔषधाचे बहुतेक उपाय करून झाले. दोन तर लांबूनच नमस्कार केलेले. ज्योतीने जाळण्याची बंदूक मिळते, पण साइडिंगवर सांडलेलं डिझेल, ग्रीस आणि गोण्यांचे तुकडे असतात. तिथे आग घेऊन फिरायची माझी तरी छाती नाही. दुसरा म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर दर पावसाळ्यात येणारा मीठ-व्हिनेगरचा नुस्खा. खाडीकाठच्या हवेने रूळ आणि क्लिपा आधीच गंजतात, त्यात वरून मीठ कशाला? शिवाय जिथे ट्रॅक सर्किट (रुळांतल्या करंटवरून गाडी ओळखणारी सिग्नलची सोय) आहे तिथे खारट खडीतून करंट गळतो आणि सिग्नलवाले तुमच्या दारात येतात. राहिले तीन.

गरम पाण्याचं मला मनापासून आकर्षण होतं. स्वित्झर्लंडच्या रेल्वेने गरम पाणी फवारणारी गाडीच रुळांवर चालवून पाहिली आहे. कॅमेरा तण हेरतो आणि तेवढ्याच जागी पाणी पडतं. आपल्याकडे ती कुठली? मी गाड्या धुवायचा, डिझेलवर पाणी तापवणारा प्रेशर वॉशर भाड्याने आणला. टँकरजवळच्या पट्ट्यात काम झकास झालं. टाकळा आणि कुर्डू दुपारपर्यंत उकडलेल्या पालेभाजीसारखे लोळले. पण टँकर रस्ता असेल तिथपर्यंतच येतो. साइडिंगच्या टोकाला रस्ता नाही, म्हणून पाइप जोडत गेलो आणि नोझलपर्यंत पोचेतो पाणी निवायला लागलं. टोकाचा टाकळा तेवढी आंघोळ करून ताजातवाना झाला. जाड मुळं आणि लव्हाळ्याच्या गाठी तर कुठेच मेल्या नाहीत, पंधरवड्यात परत कोंब. तुमची लाइन रस्त्याला लागून असेल आणि पाण्याची सोय जागेवर असेल तर हा पर्याय माझ्यासारखा झटकून टाकू नका. फक्त वर तार असेल तर हे विसराच: २५ हजार व्होल्टच्या तारेपासून माणूस आणि हत्यार दोन मीटर लांब ठेवतात, तिथे पाण्याचा फवारा हातात घेऊन उभं राहण्यात शहाणपण नाही.

ग्रास कटरचं कौतुक करायलाच हवं. खांद्याला पट्टा, दोन माणसं, आणि आठवड्याचं काम दीड दिवसात. गोदामाच्या साहेबांना फोटो पाठवला की तेही खूश. दगड उडतात, पण जाळीचा चष्मा, शिनगार्ड आणि पंधरा मीटरच्या आत कोणी नाही, एवढं पाळलं तर निभावतं. खडीवर नायलॉनची दोरी फार लवकर झिजते, तीही खिशाला परवडते. दोन पावसाळे मी कटरवरच काढले. तक्रार नव्हती.

तिसऱ्या वर्षी मधल्या एका पट्ट्यात स्लीपरच्या (रुळांखालच्या आडव्या पट्ट्यांच्या) कडेने चिखल वर आलेला दिसला. सिमेंटचा रेक, म्हणजे अख्खी मालगाडी, येऊन गेला होता. मी आमच्या मुकादमाला खडी थोडी उकरायला लावली. वरचा थर स्वच्छ, खाली मात्र काळपट, ओलसर लगदा, अगदी कुजलेल्या शेणखतासारखा, आणि त्यात पांढऱ्या बारीक मुळांची जाळी. मुकादमाने चिमूटभर बोटांत चोळून नाकाशी नेला आणि म्हणाला, "साहेब, हे आपलंच आहे. मागच्या वर्षी कापलेलं."

म्हणजे काय, तर कटर गवत कापत नाही, त्याचा भुगा करतो. शेतात तो भुगा वर पडून राहील. खडीत मात्र दोन दगडांमधल्या फटीतून थेट खाली जातो. पंजाने ओढावा तर पंजा दगडांवरून घसरतो, झाडूने निघत नाही. एक पावसाळा कुजला की त्याची माती होते, वरून सिमेंट आणि कोळशाची धूळ त्यात बसते, आणि पुढच्या जूनला त्याच वाफ्यात नवं गवत. खडीचं अर्धं काम पाणी खाली जाऊ देण्याचं. फटी बुजल्या की पाणी तुंबतं, वॅगनचं वजन आलं की स्लीपर त्या चिखलात पंपासारखा खालीवर होतो. मग खडी उपसून चाळायची वेळ येते, आणि ते काम एकदा करून घेतलं की गवत काढायचा खर्च आठवत नाही. मी दोन वर्षं पैसे देऊन रुळाखाली खत घालत होतो. याच हिशेबाने गरम पाणीसुद्धा माझ्या मनातून उतरलं. मेलेलं झाड जागेवरच राहतं, फक्त सावकाश कुजतं.

म्हणून हाताने. खुरपणी म्हणतात खरं, पण खडीत खुरपं चालत नाही, दगडावर धार जाते. पहिल्या वर्षी आमच्याकडे सहा जणी आल्या, त्यांतल्या सर्वांत वयस्कर मावशींनी बाकीच्यांना शिकवलं: रोप टोकाला धरायचं नाही, दगडाला लागून बुडाशी धरायचं, अर्धा पीळ द्यायचा आणि मग सरळ वर. पीळ न देता ओढलं तर वरचं तुटून हातात येतं. पाऊस पडून पंधरा दिवस झालेले असावेत. मुळं अजून वरच्या दगडांतच असतात आणि वीतभर रोप सळसळत अख्खं निघतं. तेच ऑगस्टमध्ये कराल तर मूळ खालच्या मातीत गेलेलं असतं आणि मावशीसुद्धा हरतात. दुसरी फेरी गणपतीच्या सुमाराला, राहिलेलं फुलावर यायच्या आत. तेव्हापासून मधला पट्टा सुधारला, असं मला वाटतं. मोजमाप काही केलेलं नाही. रेक गेल्यावर चिखल दिसत नाही, एवढंच सांगू शकतो.

यात खोट नाही असं नाही. कटरपेक्षा दिवस दुपटीहून जास्त लागतात. लव्हाळ्याच्या गाठी हातानेही निघत नाहीत, तो आमच्याकडे अजून सुखाने नांदतो आहे. गाजरगवताने एका बाईच्या मनगटापासून कोपरापर्यंत पुरळ उठलं, तेव्हापासून लांब हातमोजे देतो. घोणस आणि फुरशाची भीती खरी आहे. आधी काठीने गवत हलवायचं, गमबूट घातल्याशिवाय कोणी पाय ठेवायचा नाही. आणि रेक उभा असेल तर काम बंद, वॅगनच्या मधून-खालून जाणं तर नाहीच.

सगळीकडे हाताने करा असंही मी म्हणणार नाही. खडीच्या बाहेर, भरावाच्या उतारावर कटरच बरा. तिथलं गवत मुळासकट उपटलं तर पहिल्या जोराच्या सरीला उतार धुऊन गटारात येईल. तिथे मुळं माती धरून ठेवतात, ती राहू द्यावीत. लांबलचक साइडिंग आणि महिन्यातून एखादा रेक असेल तर सगळीकडे कटर चालवलात तरी मी वाद घालणार नाही. पण रोज वजन येत असेल तर निदान स्लीपरच्या टोकांपर्यंतचा पट्टा हातानेच काढून घ्या.

ऐरोली-कोपरखैरणेतल्या सोसायट्यांचे लोकही हे विचारतात, भिंतीपलीकडे रेल्वेचं रान माजलेलं असतं म्हणून. आपल्या भिंतीच्या आत काय हवं ते करा, पलीकडे जाऊ नका. तो रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, आणि गुन्हा नसता तरी चालत्या लाइनवर हौशी माणसाचं काम नाही.

राहता राहिल्या गोण्या. उपटलेलं रुळाच्या कडेला ढीग करून ठेवलं की पावसात परत रुजतं, म्हणून त्याच दिवशी भरून हलवायचं. मी पहिल्यांदा वाशी मार्केटमधून कांद्याच्या जाळीच्या गोण्या स्वस्तात आणल्या आणि गेटपर्यंत सगळ्या वाटेवर टाकळ्याचं बी पेरत गेलो. तांदळाच्या घट्ट विणीच्या घ्या, आणि मे महिन्यातच आणून ठेवा.