वणव्यासाठी घेतलेला पाठीवरचा ब्लोअर : दोन उन्हाळ्यांनंतरचा अभिप्राय

साताऱ्याजवळच्या परळी खोऱ्यात, उरमोडी धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या मध्यावर आमची बावीस उंबऱ्यांची वाडी आहे. होळीपासून पहिल्या वळवापर्यंत चारही बाजूंना कुसळी गवत वाळून उभे असते. खाली रस्त्याकडेला कोणी बांध पेटवला किंवा जळती विडी टाकली, तर तासाभरात धूर आमच्या दारात येतो. तीन वर्षांपूर्वी अशाच एका वणव्यात वाडीतल्या दोन गोठ्यांची वैरण जळाली, आणि त्यानंतर आमच्या महिला बचत गटाने गटाच्या पैशांतून पाठीवर घ्यायचा पेट्रोल ब्लोअर, म्हणजे नळीतून जोराची हवा सोडून पाला झाडणारे यंत्र, घ्यायचे ठरवले. वन विभागाचे लोक जाळरेषा, म्हणजे आग अडवायला मोकळा केलेला मातीचा पट्टा, झाडायला असाच ब्लोअर वापरताना आम्ही पाहिले होते. साताऱ्यातल्या शेती अवजारांच्या एका दुकानातून तो गेल्या वर्षीच्या मार्चमध्ये साडेअठरा हजारांना घेतला. दोन उन्हाळे तो वापरल्यावर हा अभिप्राय लिहीत आहे, कारण खरेदीच्या वेळी आम्हाला जे कोणी सांगितले नाही ते दुसऱ्या एखाद्या वाडीला आधी कळावे असे मनापासून वाटते.

यंत्र टू-स्ट्रोक, ७६ सीसीचे आहे. रिकाम्या टाकीचे वजन अकरा किलो, टाकी दोन लिटरची, आणि पूर्ण वेगाने चालवले तर टाकी तासाभरात संपते. नळीतून येणाऱ्या हवेचा वेग खोक्यावर ताशी ३०० किलोमीटर छापला आहे. तो मोजण्याचे साधन आमच्याकडे नाही, पण वाळका पाला, सुकलेली गवताची काडी आणि सुटी माती दहा-बारा फूट लांब फेकली जाते, एवढे डोळ्यांनी दिसते. पेट्रोलमध्ये टू-टी ऑईल मिसळावे लागते. आमच्या यंत्राला लिटरला चाळीस मिली ऑईल सांगितले आहे, आणि हे प्रमाण चुकवून चालत नाही. पहिल्या महिन्यात अंदाजाने कमी ऑईल घातले गेले तेव्हा इंजिन तापून बंद पडू लागले, म्हणून आता औषधाच्या बाटलीचे झाकण मापासाठी डब्याला दोरीने बांधून ठेवले आहे.

ज्या कामासाठी हे यंत्र खरोखर घ्यावे ते काम म्हणजे जाळरेषा काढणे. आग पुढे सरकायला जळण लागते, आणि घर आणि डोंगर यांच्यामध्ये जळण नसलेला मातीचा पट्टा असला की जमिनीवरून येणारी आग तिथे उपाशी पडते. जानेवारीत आम्ही आमच्या मालकीच्या पडीक जमिनीच्या कडेने, बारा फूट रुंदीचा आणि सुमारे चारशे पावले लांबीचा पट्टा काढायला घेतला. आधी विळ्याने गवत कापायचे, मग कापलेले गवत वैरणीला उचलायचे, आणि शेवटी ब्लोअरने राहिलेला पाला आणि काडीकचरा वरच्या अंगाला झाडून माती उघडी करायची. हेच शेवटचे काम आधीच्या वर्षी दाताळ्याने करताना अकरा बायकांचे चार दिवस गेले होते आणि तरीही मातीवर काड्यांचा थर राहिला होता. ब्लोअरने तेवढीच लांबी दोन सकाळी झाली, आणि पट्टा अंगण झाडल्यासारखा स्वच्छ निघाला. या कामात यंत्राला पैकीच्या पैकी गुण द्यायला माझी काही हरकत नाही. कापलेले गवत जागेवर पेटवून पट्टा करण्याचा सोपा मार्ग आम्ही मुद्दाम टाळला. शेजारी राखीव वन आहे, आणि तिथे आग जाईल असे काही करणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा आहे. शिवाय वाऱ्याची एक झुळूक फिरली तर आपणच लावलेली आग आपल्याला आवरत नाही.

चारशेपैकी तीनशे तीस पावले झाली. नाल्याच्या बाजूची सत्तर पावले राहिली, कारण फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात इंजिन चालू करायची दोरी आतल्या स्प्रिंगसकट तुटली. यंत्र दुकानात दिले. सुटा भाग बाहेरून मागवावा लागेल असे सांगण्यात आले, आणि ते परत मिळायला मार्च अखेर उजाडली. मधल्या सात आठवड्यांत मी स्वतः चार वेळा साताऱ्याला जाऊन आले. हातांनी उरलेली सत्तर पावले करता आली असती हे खरे, पण हरभऱ्याची मळणी आणि दोन घरची लग्ने यांत ते मागे पडले, आणि त्याची किंमत आमच्या शेजारच्या नानांनी मोजली.

यंत्र परत आल्यावर चौथ्याच दिवशी, दुपारी साडेतीन-चारच्या दरम्यान, खालच्या रस्त्याकडून आग वर चढू लागली. उतारावर आग वरच्या दिशेने धावते, कारण ज्वाळा वरच्या गवताला आधीच तापवून ठेवते आणि दिवसाचा वाराही दरीतून वर वाहत असतो. उतार दहा अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो, असा आग विझवणाऱ्यांचा अंदाज आहे, आणि त्या दुपारी तो आम्ही प्रत्यक्ष पाहिला. जिथे पट्टा पुरा झाला होता तिथे आग कडेला येऊन गुडघ्याएवढी झाली, थोडा वेळ चरचरली आणि बसली. पट्ट्यावरून उडून आलेल्या ठिणग्या आम्ही ओल्या डहाळ्यांनी आणि फवारणीच्या पंपाने मारल्या. नाल्याच्या बाजूला मात्र गवत कमरेएवढे होते. तिथे मी ब्लोअर पाठीवर घेऊन पुढे गेले आणि दुकानात दाखवले होते तसे ज्वाळेवर हवा सोडली. ज्वाळा विझली नाही. ती क्षणभर मागे वाकली आणि भट्टीच्या भात्यासारखा आवाज करत उठली. तिच्यातल्या जळत्या काड्या माझ्या डोक्यावरून मागे गेल्या, आणि त्यांतली एक नानांच्या कडब्याच्या गंजीवर पडली. "वहिनी, गंज गेली, आता गोठ्याकडं बघा," असे नाना ओरडले तेव्हा मी यंत्र जमिनीवर टाकून धावले. जाऊबाईंनी कोयत्याने म्हशींची दावी कापली. म्हशी वाचल्या, गोठ्याचे पुढचे दोन वासे आणि वर्षाची वैरण गेली. ब्लोअरच्या नळीचे प्लास्टिकचे तोंड उष्णतेने मऊ होऊन लंबगोल झाले आहे आणि अजून तसेच आहे.

त्या संध्याकाळपासून मला हे स्पष्ट झाले आहे की "आग विझवणारे यंत्र" म्हणून हा ब्लोअर विकणे चूक आहे आणि धोक्याचेही आहे. वेगाची हवा ज्वाळेला जळणापासून तोडते आणि थंड करते, हे विरळ, वीतभर गवताच्या आगीत खरे ठरते. मागच्या वर्षी शाळेमागच्या माळावर सकाळच्या वेळी आम्ही अशी आग बाजूने चालत, हवेचा झोत जळालेल्या भागाकडे ठेवून, दोन वेळा विझवली आहे. पण उंच गवतात, चढावर, समोरून येणाऱ्या आगीपुढे हीच हवा भात्याचे काम करते. पाठीवर दोन लिटर पेट्रोल घेऊन अशा आगीसमोर उभे राहू नये, ही गोष्ट विक्रेत्याने तोंडी सांगायला हवी होती आणि पुस्तिकेतही मोठ्या अक्षरांत हवी होती. आमच्या पुस्तिकेत सगळी माहिती बागेतला पाला झाडण्याविषयी आहे, वणव्याचा उल्लेख नाही, आणि ती मराठीतही नाही.

दुसरी उणीव मला जास्त बोचते. आमच्या वाडीतले बहुतेक कर्ते पुरुष मुंबई-पुण्याला कामाला असतात आणि ऐन उन्हाळ्यात गावी उरतात ते बायका आणि म्हातारी माणसे. म्हणजे वणव्याच्या दिवशी हे यंत्र आमच्याच पाठीवर येणार. अकरा किलो वजन आणि वर पेट्रोल, खांद्याचे पट्टे कमी होतात तिथपर्यंत आवळूनही आमच्या खांद्यांवरून घसरतात, कमरेचा पट्टा मुळातच दिलेला नाही, आणि चालू करायच्या दोरीला इतका झटका द्यावा लागतो की गटातल्या अकराजणींपैकी चौघींनाच ते एका दमात जमते. आम्ही जुन्या नऊवारीचा चौपदरी पट्टा शिवून कमरेला बांधला, त्याने पाठीवरचा भार निम्म्याने हलका वाटतो. आवाज इतका मोठा आहे की मागून हाक मारलेली ऐकू येत नाही, म्हणून यंत्र चालवणारीच्या मागे नेहमी दुसरी बाई हात खांद्यावर ठेवून चालते. कानाला लावायची झाकणे आणि डोळ्यांचा चष्मा सोबत दिला जात नाही. ते वेगळे घ्यावे लागतात आणि घ्यायलाच हवेत.

दुकानाविषयी एवढेच म्हणेन की विक्रीच्या वेळची आपुलकी दुरुस्तीच्या वेळी राहिली नाही. खरेदी करण्याआधी सुरुवातीची दोरी, स्प्रिंग, स्पार्क प्लग आणि एअर फिल्टर हे चार भाग दुकानात शिल्लक आहेत का, ते उघडून दाखवायला सांगा, आणि जमल्यास त्याच दिवशी जोडीने घ्या. आमचे सात आठवडे साडेतीनशे रुपयांच्या भागासाठी गेले.

उपग्रहाला वणवा दिसला की मोबाईलवर संदेश पाठवणाऱ्या, भारतीय वन सर्वेक्षणाच्या मोफत इशारा सेवेत मी माझा क्रमांक नोंदवला आहे. ती उपयोगी आहे, पण तिच्यावर विसंबून राहू नये. ज्या उपग्रहाची ३७५ मीटरची (म्हणजे जमिनीचा तेवढ्या लांबी-रुंदीचा तुकडा वेगळा ओळखणारी) नजर आपल्या कामाला येते तो साधारण दुपारी दीड आणि रात्री दीडच्या सुमारास वरून जातो. आमची आग त्या दोन फेऱ्यांच्या मधली होती, आणि संदेश येण्याआधीच ती विझलेली होती. वन विभागाच्या १९२६ क्रमांकावर मात्र लगेच उत्तर मिळाले आणि वनरक्षक दोन माणसे घेऊन तासाभरात वर आले.

ज्या वाडीला पैसे मोजूनच काही घ्यायचे आहे तिने आधी सोळा लिटरचे दोन फवारणी पंप आणि लांब दांड्याची चार दाताळी घ्यावीत, आणि मग दोन-तीन वाड्यांनी मिळून ब्लोअर घ्यावा, तोही डिसेंबरात, एप्रिलमध्ये नाही. पाच गुणांपैकी जाळरेषेच्या कामाला मी पाच देते, वणव्यासमोरच्या वापराला एक, आणि दुरुस्तीच्या सेवेला एकही देत नाही.

यंत्र आता मंदिराच्या खोलीत, टाकी रिकामी करून ठेवले आहे, आणि पेट्रोलचा डबा तिथून दूर, माझ्या घरामागच्या दगडी कोनाड्यात आहे. नाल्याकडच्या सत्तर पावलांवर चुन्याच्या दोन रेघा मारून ठेवल्या आहेत. भात झोडून झाले की पहिले काम तिथूनच सुरू करायचे, असे नानांच्या अंगणात बसून ठरले आहे.