जुन्या गेमचे झटके: लिमिटर, डीएक्सव्हीके की नवा मॉनिटर?

इंदूरच्या राजेंद्र नगरातला माझा आतेभाऊ वैतागलाय: जीटीए फोर या जुन्या गेममध्ये कोपऱ्यात सेकंदाला ६० फ्रेमचा (चित्रांचा) आकडा दिसतो, तरी गाडी वळवली की चित्र अडखळतं. जेल रोडवरच्या दुकानात विचारलं तर उत्तर तयार, "भिया, १४४ हर्ट्झवाला ले जाओ." म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा मॉनिटर. पैसे काढायची घाई नको.

६० फ्रेम म्हणजे दर १६.७ मिलिसेकंदांना एक. एक फ्रेम १० त आली आणि पुढची २३ त, तरी सरासरी ६०च भरते. डोळ्याला मात्र झटका बसतो. तेव्हा आकडा सोडा, फ्रेमटाइमचा, म्हणजे एकेका फ्रेमला लागलेल्या वेळेचा आलेख बघा.

तो आलेख रिवाट्यूनर हे सॉफ्टवेअर दाखवतं आणि फ्रेमना लगामही (हाच लिमिटर) तेच घालतं, फुकटात. सुरुवात इथूनच करा. ६० ची मर्यादा घातल्यावर रेघ सपाट झाली, तर काम झालं. पण मेख मॉनिटरमध्ये असू शकते. स्वस्तातले बरेच मॉनिटर ७५ हर्ट्झचे असतात. त्यावर ६० फ्रेम चालवल्या की दर चौथी फ्रेम दोनदा दिसते, म्हणजे आलेख सपाट आणि झटके तसेच. मर्यादा ७५ करावी, तर २०११ च्या स्कायरिमसारख्या गेममध्ये ६० च्या वर वस्तू आपोआप उडायला लागतात. त्यापेक्षा विंडोजमध्ये मॉनिटरच ६० हर्ट्झवर आणा.

नुसत्या व्ही-सिंकने, म्हणजे फ्रेम मॉनिटरच्या ठेक्याला बांधायच्या सेटिंगने, चित्र फाटायचं थांबतं, पण माउस जड वाटतो. माझं त्याच्याशी कधी जमलं नाही.

लगाम घालूनही रेघेवर सुळके उरले तर डीएक्सव्हीके. गेम ग्राफिक्स कार्डाला डायरेक्टएक्स या भाषेत हाका मारतो, त्या हा फुकट प्रोग्राम व्हल्कन या दुसऱ्या भाषेत बदलतो. जीटीए फोरला याने बऱ्याच जणांना फरक पडलाय. त्यातली ३२ बिटवाली डी३डी९ डीएलएल ही फाइल गेमच्या फोल्डरात टाकायची, नको वाटली तर काढायची. पहिल्या फेरीत शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) तयार होताना थोडं अडकतं, तेवढं सोसा. ग्राफिक्स कार्डाला व्हल्कन १.३ झेपत नसेल तर डीएक्सव्हीकेची १.१०.३ ही आवृत्ती घ्या. अँटी-चीट (फसवेगिरी पकडणारी यंत्रणा) असलेल्या ऑनलाइन गेममध्ये हा उद्योग नको.

आता मॉनिटर. फ्रीसिंक (गेमच्या फ्रेमनुसार मॉनिटरने आपली गती बदलायची सोय) ५० ते ६० फ्रेममधली चढउतार छान झाकतो, पण प्रोसेसर दमून एखादी फ्रेम ८० मिलिसेकंद रखडली तर तोही हतबल. घेणारच असाल तर फ्रीसिंकची रेंज, म्हणजे किती ते किती हर्ट्झमध्ये तो चालतो, ते विचारा. ४८ ते ७५ असेल, तर ३० फ्रेमवर बांधलेल्या गेमला त्याचा काडीचा उपयोग नाही. ४८ ते १४४ वाल्यात तीच फ्रेम दोनदा दाखवून भागवता येतं.