रोमा टोमॅटोचं बी: पेस्टला फक्कड, साराला नको

९९ रुपयांचं पाकीट, आत ४० बिया. ऑनलाइन मागवलं होतं. पाकिटावर तीन गोष्टी ठळक छापलेल्या: 'इटालियन हेरिटेज', 'बारमाही' आणि 'कुंडीत बिनकटकटीचं पीक'. साताऱ्यातल्या आमच्या गच्चीवर तिन्ही तपासून झाल्या, म्हणून आता लिहितेय.

इटालियनचं म्हणाल, तर नाव रोमा असलं तरी हा वाण १९५०च्या दशकात अमेरिकेच्या कृषी खात्याच्या बेल्ट्सव्हिलच्या केंद्रात तयार झालेला. इटलीचा खानदानी म्हणतात तो सान मार्झानो, वेसुव्हियस ज्वालामुखीच्या परिसरातला. तो वेलासारखा वाढत जातो, त्याला मांडव लागतो. रोमा कंबरेएवढा होऊन थांबतो, त्यामुळे गच्चीला हाच बरा. उगाच थाप मारली, इतकंच.

उगवणीला मात्र पूर्ण मार्क. सप्टेंबरअखेर कोकोपीट आणि गांडूळखतात २० बिया टाकल्या, आठवड्यात १७ वर आल्या. ९ रोपं ठेवली, बाकीची आळीत वाटून टाकली. रंगाच्या २० लिटरच्या रिकाम्या बादल्यांना बुडाशी भोकं पाडली, माती-शेणखत भरलं, वर मूठभर निंबोळी पेंड. ७ झाडं शहाण्यासारखी वागली. दोन वाढतच सुटली, कपड्यांच्या दोरीला जाऊन भिडली आणि त्यांना लागले चक्क गोल टोमॅटो! रोमा अंड्यासारखा लांबट असतो. म्हणजे बियांत भेसळ. विक्रेत्याला फोटो पाठवले, तर उत्तर आलं, 'मॅडम, खत कमी टाका.' खत कमी केल्यावर गोल टोमॅटो लांब कसा होतो, ते त्यांनाच माहीत.

'बिनकटकटीचं' हे तर साफ खोटं. डिसेंबरअखेर फळं लिंबाएवढी झाली आणि आम्ही चार दिवस पुण्याला लेकीकडे गेलो. परत येऊन बघते, तर देठाकडून फळ हिरवंगार आणि उलटं केलं की बुडाला रुपयाएवढा काळपट, चामड्यासारखा डाग. अशी अकरा फळं. ह्यांचं म्हणणं, कीड लागली, फवारा काहीतरी. कीड नव्हती. कॅल्शियम पाण्याबरोबर फळात चढतं, माती एकदा खडखडीत वाळून मग भसाभस पाणी मिळालं की फळाच्या टोकापर्यंत ते पुरेसं पोहोचत नाही. लांबट टोमॅटोंना हा त्रास जास्त. अंड्याची टरफलं टाकून लगेच गुण येत नाही, ती कुजायलाच कितीतरी महिने लागतात. मी कोपऱ्यावरच्या रसवंतीतून उसाची चिपाडं आणली, वाळवून बादल्यांत जाड थर दिला आणि रोज सकाळी ठरलेले दोन तांबे पाणी. पुढच्या तोड्यात डागाळलेली फळं फक्त दोन.

'बारमाही'वर विश्वास ठेवून उरलेल्या २० बिया फेब्रुवारीत लावल्या. एप्रिलमध्ये झाडं फुलली आणि रोज सकाळी फरशीवर पिवळ्या फुलांचा सडा. रात्रीसुद्धा उकडत असेल तर टोमॅटोचं फळ धरत नाही. त्यात पांढरी माशी आली, शेंडे आकसले. सगळी झाडं उपटली. हे बी थंडीचं आहे, पाकीट काहीही म्हणो.

आता ज्यासाठी हा खटाटोप केला ते. रोमा विळीवर आडवा चिरला की आत दोन-तीनच कप्पे, भिंत जाड, बिया थोड्या, विळीखाली पाण्याचं थारोळं नाही. २ किलो रोमा जाड बुडाच्या पातेल्यात शिजवून गाळला, पुन्हा आटवला. पाऊण तासात डाव उभा राहील असा गोळा झाला, वजन ६०० ग्रॅमच्या आसपास. मंडईतल्या टोमॅटोला त्याच पातेल्यात दीड तास गॅस जाळला होता आणि हाती आला होता जेमतेम पाव किलो. बर्फाच्या ट्रेमध्ये पेस्ट गोठवली, पावभाजीला तीन वड्या पुरतात. नातवंडांचा पास्ताही त्यातच होतो.

साराला मात्र हा टोमॅटो नको. आंबटपणा बेताचा, रसही नाही. शेवटी दोन आमसुलं टाकायची वेळ आली. कोशिंबिरीतही पिठूळ लागतो. त्या दोन घुसखोर झाडांचे गोल टोमॅटो सारात फार छान लागले, हे कबूल करायला हवं.

बियाण्याला चार तारे, पाकिटावरच्या मजकुराला एक. रोमा संकरित नाही, त्यामुळे घरचं बी धरता येतं. सर्वांत चांगल्या झाडाचे चार टोमॅटो पिकून मऊ होऊ दिले, गर-बिया दोन दिवस पाण्यात आंबवल्या, बुळबुळीत थर धुऊन कागदावर वाळवल्या. शंभरच्या वर निघाल्या. पुडी देवघराच्या खणात आहे, सप्टेंबरात उघडेन.