द्रवरूप नैसर्गिक वायू: माल अव्वल, पुरवठ्याची हमी मात्र ऐपतीप्रमाणे

एलएनजी, म्हणजे उणे १६२ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करून द्रव केलेला नैसर्गिक वायू, हा माल मी बरीच वर्षे खरेदीदाराच्या बाजूने पाहिला आहे. तो कोणी घ्यावा आणि कोणी घेऊ नये, एवढ्यापुरतेच हे परीक्षण आहे. विक्रेते त्याचे वर्णन करताना तीन विशेषणे हटकून वापरतात: सुरक्षित, स्वच्छ आणि लवचिक. यांतले पहिले जवळजवळ पूर्ण खरे आहे, दुसरे अर्धे खरे आहे, आणि तिसरे खरे असले तरी ती लवचिकता नेमकी कोणाच्या कामी येते, याचा उल्लेख माहितीपत्रकात नसतो.

आधी मालाविषयी. द्रव केल्यावर वायूचे आकारमान सुमारे ६०० पटींनी घटते, त्यामुळे जिथे वायूची नळवाहिनी पोहोचत नाही तिथे जहाज पोहोचते. खेप उतरत असताना जेटीवर उभे राहिले, की माल ओढून घेणाऱ्या पोलादी बाहूंवर बघता बघता पांढरे हिम चढते. जहाजाच्या कुशीवरून पाण्याचा पडदा सतत वाहत ठेवलेला असतो, कारण द्रवाचा एखादा लोट सांडलाच तर साधे पोलाद त्या गारठ्याने काचेसारखे तडकू शकते. आवाज येतो तो पंपांचा आणि पाण्याचा. वास मात्र कसलाच येत नाही. स्वयंपाकाच्या गॅसचा ओळखीचा वास गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेला असतो, या मालात तो मुळात नसतो.

सुरक्षिततेची ही शिस्त फुकट आलेली नाही. १९४४ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरात कमी निकेल असलेल्या पोलादाची टाकी फुटून लागलेल्या आगीत सुमारे १३० माणसे दगावली आणि त्यानंतर हा धंदा तिथे बरीच वर्षे थंडावला. १९५९ मध्ये ‘मिथेन पायोनियर’ हे जहाज लुईझियानातून ब्रिटनमधील कॅन्व्ही बेटापर्यंत खेप घेऊन सुखरूप पोहोचले आणि १९६४ पासून अल्जीरियाहून ब्रिटनला नियमित व्यापार सुरू झाला. समुद्रावरची कामगिरी तेव्हापासून वाखाणण्यासारखी आहे. जमिनीवरची तितकी नाही: २००४ मध्ये अल्जीरियातील स्किकदा येथील प्रकल्पात स्फोट होऊन २७ जणांचा बळी गेला, तर जून २०२२ मध्ये टेक्सासमधील फ्रीपोर्ट प्रकल्पात लागलेल्या आगीमुळे तिथली निर्यात सुमारे आठ महिने बंद राहिली. ग्राहकाने लक्षात ठेवायचे ते इतकेच, की जहाजे क्वचितच दगा देतात, पण त्यांच्यामागचा एखादा कारखाना बंद पडला तर तेवढ्याने जगभरचे भाव हलतात.

मापाच्या बाबतीत मात्र मी पूर्ण समाधानी आहे, आणि नव्या ग्राहकाने इथे थोडा वेळ घालवावा. बिल घनमीटरचे येत नाही, उष्णतेचे येते. टाकीतील पातळी मिलिमीटरमध्ये मोजतात, जहाज कलले असेल तर त्याची दुरुस्ती करतात, तापमान व दाब नोंदवतात, नमुन्याचे पृथक्करण करून त्याचा उष्मांक काढतात, आणि या सर्वांच्या गुणाकारातून देण्याचा आकडा ठरतो. प्रवासात मालाचा साधारण ०.१ टक्का भाग रोज वाफ होऊन निघतो, पण नव्या जहाजांची इंजिने तीच वाफ जाळून चालतात. टाक्या थंड राहाव्यात म्हणून थोडा माल परतीसाठी जहाजातच ठेवावा लागतो. तो हिशेबातून वजा झाला आहे ना, हे प्रत्येक वेळी तपासावे. शिवाय सगळीकडचा माल सारख्या उष्मांकाचा नसतो. अमेरिकी माल बहुधा कमी उष्मांकाचा असतो, तर इतर काही ठिकाणच्या मालात इथेन व प्रोपेन जास्त असते. बर्नर एका जातीच्या मालावर बसवले असतील, तर हा फरक ज्योतीत दिसतो.

स्वच्छतेचा दावा चिमणीपाशी खरा ठरतो: वीजनिर्मितीत कोळशाच्या तुलनेत कार्बन डायऑक्साइड साधारण निम्मा निघतो आणि राख शून्य. पण वायू थंड करून द्रव करण्यासाठीच त्यातला साधारण आठ ते दहा टक्के भाग खर्ची पडतो, आणि विहिरीपासून जहाजाच्या इंजिनापर्यंत कुठेही निसटलेला मिथेन वीस वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडपेक्षा ऐंशीहून अधिक पट तापवतो. माझ्या हातात आलेल्या एकाही बिलावर या गळतीचा आकडा नव्हता. युरोपीय संघाने २०२४ मध्ये मिथेनविषयी केलेला कायदा आयातदारांनाही हा हिशेब मागतो. विक्रेत्यांची त्याविरुद्धची कुरकुर ऐकली, की तो नेमक्या जागी लागला असावा असे वाटते.

आता लवचिकता. पूर्वी हा माल वीस-वीस वर्षांच्या करारांवर, तेलाच्या भावाशी बांधून आणि ठरलेल्या बंदरातच उतरवण्याच्या अटीवर विकला जाई. फेब्रुवारी २०१६ मध्ये लुईझियानातील सबीन पास येथून निर्यात सुरू झाली आणि ही चाल बदलली. भाव हेन्री हब या अमेरिकेतील वायू-व्यापार केंद्राच्या भावाशी जोडलेला, खेप हवी तिथे नेण्याची मुभा, आणि नको असेल तर द्रवीकरणाचे शुल्क भरून ती सोडून देण्याचीही सोय. ज्याच्याकडे जहाजे आणि पत आहे, त्याच्यासाठी याहून चांगला करार मी पाहिलेला नाही.

जहाज कुठेही वळू शकते याचा दुसरा अर्थ, ते तुमच्या बंदराकडे पाठ फिरवूनही जाऊ शकते. आशियातील हजर बाजाराचा, म्हणजे दीर्घ कराराशिवाय होणाऱ्या तत्काळ खरेदीचा, भाव २०२० च्या वसंतात प्रति दशलक्ष बीटीयू (उष्णतेचे एकक) २ डॉलरच्या खाली होता. ऑगस्ट २०२२ मध्ये तो ७० डॉलरच्या आसपास गेला. रशियन वायू आटल्यावर युरोपने मिळेल त्या भावाने खेपा उचलल्या. एकही आयात टर्मिनल नसलेल्या जर्मनीने भाड्याचे तरंगते टर्मिनल आणून त्याच वर्षाच्या डिसेंबरात विल्हेल्म्सहाफेन येथे वायू उतरवला. सेवेचा हा वेग खरोखर थक्क करणारा आहे. पण त्याच वर्षी जुलैमध्ये पाकिस्तानने दहा खेपांसाठी काढलेल्या निविदेला एकही बोली आली नाही, आणि बांगलादेशाने हजर खरेदी थांबवून भारनियमन पत्करले. माल तोच, सेवा तीच. फरक फक्त ऐपतीचा.

त्या वर्षी आमचीही एक खेप आली नाही. पुरवठादाराने अत्यंत सभ्य पत्र पाठवले, करारात लिहिलेला दंड विनातक्रार भरला आणि माल दुसरीकडे विकला. दंड करारभावाच्या ठरावीक टक्क्यांत बांधलेला होता आणि बाजारभाव त्याच्या कित्येक पट होता. वचन मोडणे त्याला पाळण्यापेक्षा फायद्याचे पडले. कायद्याने त्याचे काही चुकले नाही, कलम आम्हीच नीट वाचले नव्हते.

व्यापार आता वर्षाला ४० कोटी टनांच्या वर गेला आहे. २०२३ मध्ये अमेरिका सर्वांत मोठा निर्यातदार झाली, आणि कतारने २०२४ मध्ये आपली तेव्हाची ७.७ कोटी टनांची क्षमता २०३० पर्यंत १४.२ कोटींवर नेण्याचे ठरवले. माल वाढेल तसे विक्रेते नमते घेतील, हे ठीक. पण सागरी मार्ग वाढत नाहीत. २०२४ मध्ये जगाच्या या व्यापाराचा साधारण पाचवा हिस्सा एकट्या होर्मुझच्या सामुद्रधुनीवर विसंबून होता. २०२३ मध्ये दुष्काळाने पनामा कालव्यातील पाणी उतरले, पाठोपाठ तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाले, आणि जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. मोझांबिकमधील मोठा प्रकल्प तर २०२१ मध्ये हिंसाचारामुळे थांबवावा लागला होता.

मालाला मी पाचपैकी साडेचार गुण देईन, पोहोचवण्याच्या सेवेला तीन. २०२२ मध्ये विचारले असते तर एकच दिला असता. ज्याच्याकडे साठवणुकीची टाकी आहे आणि अडचणीत दुसऱ्या इंधनावर जाण्याची सोय आहे, त्याने हा माल खुशाल घ्यावा. केवळ हजर बाजाराच्या भरवशावर वीजकेंद्र उभारणाऱ्याने मात्र लांबच राहावे. आमच्या नव्या करारात खेप न आल्यास मिळणारी भरपाई त्या दिवसाच्या बाजारभावाला बांधलेली आहे. एवढे एक वाक्य मान्य करून घ्यायला सात महिने लागले आणि त्यासाठी भाव थोडा चढा द्यावा लागला. तो मी विनातक्रार देतो आहे.