सेकंड-हँड ऑक्सफर्ड: साडेसहाशे वसूल?

नाशिकमधल्या शालिमारच्या गर्दीतल्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानातून ‘ऑक्सफर्ड डिक्शनरी ऑफ इंग्लिश’ आणली, २०१०ची तिसरी आवृत्ती. नऊशे सांगितले, साडेसहाशेला तुटलं. जॅकेट फाटकं, पानं शाबूत. धूड आहे, रिक्षाच करा.

मी सीबीएस बसस्थानकाजवळ कोर्टाच्या कागदांचं टायपिंग आणि भाषांतर करते. मोबाइलवर अर्थ फुकट मिळतो, मग हे कशाला, असं ज्युनियर वकील विचारतात. त्यांच्यातल्याच एकाने जामीनदाराच्या नोटिशीत ‘फॉरबेअर’ (forbear, हात आवरता घेणं) या क्रियापदाच्या स्पेलिंगमध्ये एक ‘ई’ जास्तीचा घातला होता (forebear). संगणकाने लाल रेघ ओढली नाही, कारण तोही शब्द आहेच, फक्त त्याचा अर्थ पूर्वज! नोटीस निघायच्या आत दिसलं म्हणून बरं.

अशा वेळी मी नोंदीच्या शेवटी दिलेली व्युत्पत्ती वाचते, आणि माझे पैसे तिथेच वसूल होतात. पूर्वजवाल्या शब्दातलं ‘बेअर’ हे ‘असणारा’ या अर्थाचं, म्हणजे आधी होऊन गेलेला. क्रियापद मात्र जुन्या इंग्रजीतल्या ‘फॉरबेरान’वरून आलं. त्यातलं ‘बेरान’ म्हणजे वाहणं, पेलणं. आपला ‘भार’ ज्या ‘भृ’ धातूतून येतो, त्याचंच हे लांबचं भावंड (ही भर माझी, डिक्शनरीची नाही). पहिला अर्थ सोसणं. त्यावरून एखाद्या गोष्टीवाचून निभावणं, स्वतःला आवरणं, आणि मग हात उचलता येत असूनही न उचलणं.

कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्ट, १८७२ चं कलम १३७ याच शब्दावर उभं आहे. धनकोने कर्जदारावर नुसता दावा लावला नाही, एवढ्याने जामीनदार सुटत नाही. हमीपत्रात तसं काही ठरलं असेल तर गोष्ट वेगळी. इथे मी पूर्वी ‘दावा सोडून दिला’ असं लिहिलेलं पाहिलंय. छे! सोडला कुठे, नुसता दम धरलाय. पक्षकाराला हा फरक कळला नाही तर तो घरी जाऊन पेढे वाटेल.

त्याच्या जवळच्या अर्थाचं ‘रिफ्रेन’ (स्वतःला रोखणं) हेही बघून घेतलं. त्याच्या पोटात लॅटिन ‘फ्रेनम’ निघाला, म्हणजे घोड्याचा लगाम. गाण्यातलं ‘रिफ्रेन’, आपलं ध्रुपद, वेगळ्याच घरचं. ते ‘तोडणं’ या अर्थाच्या धातूवरून आलेलं.

कायद्यातला नेमका अर्थ मात्र यात शोधू नका, त्याला बेअर अ‍ॅक्टच, म्हणजे कायद्याचा टीपांशिवायचा मूळ मजकूरच लागतो. (हा ‘बेअर’ आणखी तिसरा, ‘नुसता’ या अर्थाचा!) अक्षर बारीक आहे, माझ्या चष्म्याला भिंगाची जोड लागते. नुसत्या अर्थापुरती हवी असेल तर मोबाइल पुरे. रोज इंग्रजी कागद मराठीत आणत असाल तर घ्या, पण पैसे देण्याआधी दुकानातच बांधणी उघडून बघा. माझ्या प्रतीत ‘एस’च्या आसपास शिवण सुटायला लागलीय.